जुनी गाडी आणि नीरेकाठचं पाणी

ऊसतोडीचा हंगाम चालू असताना नीरा–बारामती रस्त्यावर वडगाव निंबाळकरच्या आसपास तासभर थांबलं, तर महाराष्ट्राच्या मोटारींचा निम्मा इतिहास डोळ्यांसमोरून जातो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे अडकलेली महिंद्राची जुनी जीप, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावलेली एम-८०, पाटे बसल्यामुळे एका अंगाला कलून चालणारी टाटा ४०७, ॲपे रिक्षा, एकेकाळी पुढाऱ्याच्या दारात उभी असलेली आणि आता कांद्याच्या गोण्या वाहणारी सुमो. एखाद्या वस्तीवर पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली प्रीमियर पद्मिनीही निघते. यातल्या काही गाड्या कारखान्यातून यायच्या थांबल्या त्याला वीस-वीस वर्षं होऊन गेली. तरी त्या चालतात, कारण कुणीतरी त्या चालत्या ठेवतो.

या कुणीतरीचं काम हाच पुढच्या पानांचा विषय आहे: जुनी गाडी सांभाळणं, बिघडली तर दुरुस्त करणं आणि हौस असेल तर तिला नवं रूप देणं. मराठीत जुन्या मोटारींवर लिहिलं जातं ते बहुतेक आठवणींच्या अंगानं. वडिलांची फियाट, मामाची राजदूत, लग्नातली ॲम्बॅसिडर. त्यात जिव्हाळा भरपूर असतो, पण बोनेट उघडून आत कुणी पाहत नाही. दुसरीकडे, दुरुस्तीची जी पुस्तकं मिळतात ती परदेशी, आणि तीही बर्फ पडणाऱ्या मुलखात लिहिलेली. त्यांत हौशी माणूस नोव्हेंबरात गाडी झाकून ठेवतो आणि एप्रिलमध्ये उघडतो. वडगावात एप्रिलमध्ये गाडी उघडली, तर आधी सीटचं रेक्झिनच चटका देतं.

असं असलं तरी सुरुवात बर्फापासून केलेली बरी. जुनी गाडी कशानं मरते याचा जेवढा कसून अभ्यास बर्फाळ देशांत झाला तेवढा दुसरीकडे झालेला नाही, आणि त्यांना सापडलेला मारेकरी नीरेच्या खोऱ्यालाही परका नाही.

तिथे गाडीला खरा धोका थंडीचा नसतो, मिठाचा असतो. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून त्यावर मीठ टाकायची पद्धत अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यानं १९४१-४२ च्या हिवाळ्यात राज्यभर स्वीकारली आणि महायुद्धानंतर ती सगळीकडे पसरली. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं; मिठाचं प्रमाण नेमकं असेल तर खारं पाणी उणे २१ अंशांपर्यंत पातळ राहतं. हेच पाणी चाकांबरोबर उडून मडगार्डच्या आत, चासीच्या पोकळ भागांत आणि दारांच्या खालच्या कडांत जाऊन बसतं. गंज धरणं ही मुळात विजेची क्रिया, आणि खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा वीज कितीतरी चांगली वाहून नेतं; म्हणून लोखंड झपाट्यानं खाल्लं जातं. त्यात मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. रस्ता वाळला तरी आतला पत्रा ओलाच.

अमेरिकेच्या मोटारधंद्याची राजधानी डेट्रॉइट हे शहर तर मिठाच्या खाणीवरच वसलेलं आहे. जमिनीखाली साडेतीनशे मीटरच्या आसपास खोल बोगदे आहेत आणि रस्त्यावर टाकायचं मीठ तिथून निघतं. म्हणजे वर गाड्या बनायच्या आणि खालून त्यांना खाणारा माल निघायचा! कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात गॉडरिच गावाजवळ ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली अशीच एक खाण आहे, आणि ती जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण मानली जाते.

डेट्रॉइट काय किंवा टोरांटो काय, मराठी कुटुंबं दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, मराठी मंडळं आहेत, गणपती बसतात. पुण्याहून नुकत्याच गेलेल्या माणसाला पहिली जुनी गाडी घेताना तिथला जाणता माणूस हेच सांगेल की इंजिनाचा आवाज नंतर ऐक, आधी खाली वाकून बघ. दाराखालची पट्टी अंगठ्यानं दाबून पाहायची. रंग फुगलेला दिसला तर आत पत्रा उरलेलाच नाही असं धरून चालायचं. ऑन्टारियोत हिवाळ्याआधी गाडीच्या पोकळ भागांत पातळ तेल फवारून घ्यायची रीत आहे. दाराच्या कडेला बारीक भोक पाडतात, नळी आत सारतात, तेलाचा फवारा मारतात आणि भोकाला प्लास्टिकचं बूच लावतात. क्युबेकमध्ये २००८ पासून हिवाळी टायर कायद्यानंच सक्तीचे आहेत. मॅनिटोबासारख्या प्रांतात गाडीच्या जाळीतून विजेची वायर लोंबताना दिसते. रात्री ती सॉकेटमध्ये खोचून इंजिन गरम ठेवायचं असतं. आपल्याकडे अशी थंडी लडाखमध्ये असते. तिथे हिवाळ्यात डिझेलमधलं मेण थिजून फिल्टर तुंबायचा. उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलनं तिथे आणलं ते २०१९ मध्ये. लष्कराच्या लिलावातून येणाऱ्या जीप आणि जिप्सी घेताना ती गाडी आधी कुठल्या मुलखात राबली हे विचारावं, ते याचसाठी.

आता नीरेकडे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. भाटघर धरणाच्या पाण्यावर दुष्काळी पट्टा हिरवा झाला, पुढे ऊस आला, कारखाने आले. मात्र काळ्या जमिनीला पाणी जास्त आणि निचरा कमी झाला की खालचे क्षार वर येतात. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आली होती. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारपड जमिनींवर १९१० मध्ये स्वतंत्र अहवालच लिहिला. शेतकऱ्याला हा विषय पाठ असतो. क्षारानं पांढरं पडलेलं रान त्यानं पाहिलेलं असतं. पण त्याच रानातल्या विहिरीचं पाणी तो सकाळी बादलीनं जीपच्या रेडिएटरमध्ये ओततो, तेव्हा त्याला ती जमीन आठवत नाही.

रेडिएटर खोलल्यावर ती आठवते. वरची टाकी डाग वितळवून सुटी केली की नळ्यांची तोंडं दिसतात, चपटी, एकाशेजारी एक. निरोगी रेडिएटरमध्ये त्यांतून आरपार उजेड दिसायला हवा. क्षाराच्या पाण्यावर पाच-सात वर्षं काढलेल्या रेडिएटरमध्ये निम्म्या नळ्यांच्या तोंडाशी पांढरट-पिवळी खपली असते, नखानं टोकरली तर भुकटी होऊन पडते. पाण्यात विरघळलेला चुना उष्णतेनं बाहेर पडून धातूवर थर धरतो. हा थर उष्णता अडवतो, गाडी चढाला तापते, चालक आणखी पाणी ओततो आणि त्या पाण्याबरोबर आणखी चुना आत जातो. शेवटी हेड गॅस्केट जातं आणि दोष इंजिनाच्या वयाला लागतो. वय निर्दोष असतं. कूलंट म्हणून जे हिरवं-गुलाबी पाणी विकतात ते 'गोठू नये म्हणून' असतं, आपल्याला काय करायचंय, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यात गोठणं थांबवणाऱ्या द्रव्याबरोबर गंज रोखणारी रसायनं असतात, आणि निम्मं-निम्मं मिसळलेलं कूलंट १०० ऐवजी १०७-१०८ अंशांच्या आसपास उकळतं. बर्फासाठी जन्माला आलेली ही वस्तू उन्हाळ्यात जास्त उपयोगी पडते. अट एकच: सोबत मिसळायचं पाणी डिस्टिल्ड हवं, बोअरचं नको.

बॅटरीचंही तसंच. थंडीत बॅटरीची ताकद घटते, उणे १८ अंशांना ती जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून बर्फाळ देशात बॅटरी हिवाळ्यात 'मेली' असं वाटतं. खरं आयुष्य मात्र उन्हाळा खातो. बारामतीचा एप्रिल-मे काढलेली बॅटरी डिसेंबरच्या पहाटे सेल्फ मारताना कुरकुरते, तेव्हा ती मेच्या झळांचाच हिशेब देत असते.

एक गोष्ट मात्र या पट्ट्याच्या बाजूनं आहे: पाऊस कमी. बारामती पर्जन्यछायेत, वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. रत्नागिरीत तो तीन हजारांच्या पुढे जातो आणि वर समुद्राची खारी हवा. म्हणून जुनी गाडी घेताना कोकणातल्यापेक्षा घाटावरची पाहावी असं म्हणतात, त्यात तथ्य आहे. त्याच गाडीचं छत आणि खांब इथे तीस-चाळीस वर्षं धडधाकट राहतात. इथे खाल्ला जातो तो खालचा भाग, आणि तो पाण्यापेक्षा मातीनं. काळी माती मडगार्डच्या आत थापली जाते, वरून वाळते, आतून महिनाभर ओल धरते. चासीला आणि दारांना खाली पाणी निथळायला कारखान्यानंच भोकं ठेवलेली असतात. ती चिखलानं बुजतात आणि पोकळीत पाणी साचतं. जाणता मिस्त्री चासी तपासताना छोटा हातोडा घेऊन खालून टोकत जातो. ठणठणीत पत्रा खणकन वाजतो. गंजलेल्या जागी आवाज बसका येतो आणि हातोडीबरोबर लाल खपल्या गळतात. अशा जागेवर लांबी भरून, घासून, रंग मारून दिला की गाडी विकेपर्यंत सुंदर दिसते. हा डेंटिंग-पेंटिंगमधला सर्वांत जुना धंदा आहे. गंज कापून काढायचा, नवा पत्रा वेल्डिंगनं जोडायचा, मग प्रायमर, मग रंग, याला दुसरा मार्ग नाही.

पावसाळ्याआधी वॉशिंग सेंटरवर गाडी वर चढवून खालून काळं ऑईल मारून घेणं ही आपल्याकडची ऑन्टारियो पद्धत. कल्पना बरोबर, माल चुकीचा. इंजिनातून काढलेल्या जळक्या ऑईलमध्ये आम्ल असतं, पाणी असतं. ते रबरी बुश फुगवतं आणि थेंबाथेंबानं रानात उतरतं. त्यापेक्षा स्वच्छ, घट्ट तेल किंवा मेणाचं लेपन थोडं महाग पडतं, पण पोकळीत टिकून राहतं.

गंज काढायचा एक जगप्रसिद्ध घरगुती उपाय तर उसाच्या पट्ट्यातूनच निघतो. परदेशातले हौशी कारागीर गंजलेले सुटे भाग मोलॅसिसच्या पाण्यात बुडवून ठेवतात. एक भाग मोलॅसिस, नऊ भाग पाणी, आणि धीर. आठवडा-दोन आठवड्यांत गंज सुटतो आणि खालचं निरोगी लोखंड मात्र शाबूत राहतं, कारण त्यातली द्रव्यं गंजातलं लोह धरून पाण्यात ओढतात. वास असा येतो की पिंप घरापासून लांब ठेवावं लागतं. या पाण्यात ॲल्युमिनियम किंवा जस्ताचे भाग, म्हणजे कार्बुरेटरची बॉडी वगैरे, चुकूनही टाकायचे नाहीत. ते खाल्ले जातात. साखर कारखान्याच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला हे पिंपभर सहज मिळेल असं वाटतं, पण मोलॅसिसवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा पहारा असतो. ज्या द्रव्यातून दारू होते ते गंज काढायला म्हणून कुणी मागितलं तर अधिकाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होईल. गुरांच्या खाद्यासाठी मिळणाऱ्या, रीतसर विकल्या जाणाऱ्या मोलॅसिसवर काम भागवावं.

उसानं जुन्या गाडीला दिलेली दुसरी भेट अशी गोड नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं धोरण २०२३ मध्ये पंपांवर उतरलं आणि २०२५ पर्यंत देशभर पोहोचलं. सोमेश्वर, माळेगाव या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांना डिस्टिलरीमुळे आधार मिळाला, उसाच्या बिलाला हातभार लागला. इथल्या शेतकऱ्यानं या धोरणाला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण त्याच शेतकऱ्याच्या शेडमध्ये १९९० ची मारुती ८०० असेल, तर तिच्या रबरी नळ्या या पेट्रोलसाठी बनलेल्याच नव्हत्या. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, मग ते कडक होऊन चिरतं. टाकीच्या तळाची वर्षानुवर्षांची घाण सोडवून ते जेटमध्ये नेऊन बसवतं. हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी खाली वेगळं होऊन टाकीचा तळ आतून गंजतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या रचनेच्या चारचाकींची इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, हे पुढे पेट्रोलियम मंत्रालयानंही मान्य केलं. उपाय फारसे अवघड नाहीत: इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या टाकाव्यात, फिल्टर लवकर बदलावा, गाडी उभी करायची तर टाकी भरून ठेवावी आणि कॉक बंद करून कार्बुरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवावं. यावर पुढे सविस्तर प्रकरण असणं भागच होतं, कारण यापुढे जुन्या पेट्रोल गाडीच्या दुरुस्तीत वर्षानुवर्षं हाच विषय चालणार आहे.

या पट्ट्याचं मोटारीशी नातं नुसतं वापरण्याचं नाही. वडगावहून कालव्याच्या अंगानं खाली इंदापूरकडे गेलं की वालचंदनगर लागतं. सोलापूरला १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर शेती, साखर कारखाना आणि यंत्रशाळा उभी केली. याच माणसानं १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये क्रायस्लरच्या परवान्यावर गाड्या निघू लागल्या, मग फियाटशी करार झाला, आणि १९७० च्या दशकात फियाट ११०० चं नामकरण पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तिनं जे राबून दाखवलं त्याला तोड नाही. ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. ज्या साखरेच्या मुलखातून हा उद्योगपती मोटारधंद्यात गेला, त्या मुलखात एखादी पद्मिनी जपून ठेवली गेली तर ते उचितच. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना १९९० च्या दशकाअखेर ॲपे रिक्षा बनवू लागला आणि २०१२ पासून व्हेस्पाही. ती कथा अजून नवी आहे.

पद्मिनी शेडमध्ये राहिली आणि जीप रस्त्यावर, यामागे भावनेपेक्षा सुट्या भागांचं गणित आहे. महिंद्रानं जीपमध्ये जी एमडीआय डिझेल इंजिनं बसवली, त्यांचा वंश इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाचा. म्हणजे ज्या गावात ट्रॅक्टरचा फिटर आहे तिथे जीपचा डॉक्टर आहेच. रिंग-पिस्टन, लायनर, नोझल तालुक्याच्या दुकानात मिळतं. नाही मिळालं तर लेथवर टर्नर बनवून देतो. उलट पद्मिनीचा एखादा बारीक भाग मोडला की पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार फेऱ्या माराव्या लागतात, नाहीतर मुंबईत कुर्ल्याला ओळख काढावी लागते. जुनी गाडी घेणाऱ्यानं मॉडेल निवडताना आधी हे पाहावं. दिसायला देखण्या पण ज्यांचे भाग मिळत नाहीत अशा गाड्यांनी पुष्कळ हौशी माणसं दमवली आहेत.

राहिला हौसेचा भाग, म्हणजे रूप पालटण्याचा. हरियाणातलं मंडी डबवाली जीप नव्यानं बांधून देण्यासाठी देशभर ओळखलं जातं. तिथून आलेली रुंद टायरची, चकचकीत जीप पश्चिम महाराष्ट्रातही लग्नाच्या वरातीत आणि निवडणुकीच्या मिरवणुकीत दिसते. हौस वाईट नाही. पण क्रम बहुतेकांचा उलटा असतो. आधी टायर आणि हॉर्न, मग दिवे, मग म्युझिक, आणि ब्रेकचे लायनर सगळ्यांत शेवटी. रुंद टायर घातल्यावर स्टिअरिंग जड होतं, बेअरिंगवर ताण येतो आणि जुने ड्रम ब्रेक तेवढेच राहतात. कमी वेगासाठी आखलेली गाडी शंभरनं पळवायची आणि थांबवायला देवावर हवाला ठेवायचा, याला नवं रूप देणं म्हणता येत नाही.

कायदाही या बाबतीत नरम नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. पुढे लावतात त्या लोखंडी क्रॅश गार्डवर डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आली. रंग बदलला तर त्याची नोंद आरसीवर हवी.

दुसऱ्या टोकाला स्वीडनसारखा देश आहे. ट्रॅक्टरची टंचाई असताना तिथल्या शेतकऱ्यांनी जुन्या मोटारी कापून त्यांचे ट्रॅक्टर केले. सरकारनं बंदी न घालता १९४० च्या सुमारास त्याचे नियमच केले, आणि आज पंधरा वर्षांची मुलंही ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घातलेल्या अशा जुन्या व्होल्व्हो बर्फातून चालवतात. आपल्याकडे जुन्या ट्रकचा ॲक्सल डनलॉप बैलगाडीखाली गेला, जीपचं इंजिन विहिरीवर बसलं. कल्पकता तीच, फक्त तिला नियमांत जागा मिळाली नाही. ती मिळावी असं मत मांडायला हरकत नसावी, निदान शेताच्या बांधाआड चालणाऱ्या यंत्रांपुरतं.

मूळ रूपात गाडी जपणं हा तिसरा मार्ग. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक शाही दसऱ्याला बाहेर निघते तेव्हा ती पाहायला गर्दी होते, ती तिचं मूळपण टिकल्यामुळे. सामान्य मालकासाठी २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज नोंदणीचे नियम केले: गाडी पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, मोठे फेरफार न केलेली हवी. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. नीरेकाठच्या बहुतेक जुन्या गाड्या या नियमात बसणार नाहीत, कारण त्या पन्नाशीच्या आतल्या आहेत आणि अजून कामावर आहेत.

म्हणून पुढच्या पानांत कामावरच्या गाडीचाच विचार जास्त केला आहे. प्रदर्शनात मिरवणाऱ्या गाड्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्याला सकाळी सहाला दूध डेअरीवर पोहोचवायचं आहे, ज्याच्या ट्रॅक्टरमागे ऊस आहे, ज्याच्या गाडीचं सेल्फ डिसेंबरात फिरत नाही, आणि तोड संपल्यावर रानातून आलेल्या उंदरांनी ज्याची वायरिंग कुरतडली आहे, तो वाचक समोर धरला आहे. विजेवरच्या गाड्यांत रूपांतर करण्याचा विषय मुद्दाम बाहेर ठेवला. त्यातले नियम आणि बॅटऱ्या दोन्ही अजून स्थिरावलेले नाहीत.

एक व्यवहाराची सूचना मात्र इथेच. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांपुरती असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचं शुल्क मोटारीला ६०० वरून ५ हजार रुपये आणि दुचाकीला ३०० वरून एक हजार झालं. वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये ते आणखी वाढून मोटारीला १० हजार आणि दुचाकीला २ हजार झालं, आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा. तेव्हा चासीवर पैसे घालण्याआधी आरसीवरची मुदत पाहून घ्या. बारामतीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडी तपासणीला न्यायची, तर आधी ब्रेक, दिवे आणि हॉर्न ठीक करा. रंगाचं नंतर पाहता येईल.